मधली तुकडी

आई जाऊन दीड वर्ष झालं, तरी बाबा दुपारी ताटावर बसले की रोज विचारायचे, "आयशीला मधली तुकडी ठेवलीस ना गो?" आम्रपाली "ठेवली" म्हणायची. संध्याकाळी माशाची ती तुकडी तिलाच खावी लागायची.

विसराळूपणावर डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या. त्यात गणपतीपुळ्याला एका स्टॉलवाल्याने सांगितलं, "ताई, खऱ्या खड्यांचं आहे. डोकं साफ राहतं, मन शांत होतं." तिने ते हिरवं ब्रेसलेट आणून बाबांच्या मनगटात चढवलं.

खड्यांचा गुण म्हणा नाहीतर गोळ्यांचा, आठव्या दिवशी सुरमईला लावलेला हात बाबांनी मागे घेतला.

"तुझी आयस गेली ना गो? मीच दिला ना अग्नी?"

तिला खोटं बोलवेना. तिने नुसती मान हलवली.

बाबा रडले ते आत्ताच निरोप आल्यासारखे. ताटातला भात गार होऊन गेला. मग त्यांनी डोळे पुसले, ब्रेसलेट ओढून काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"हे परत घालू नकोस मला."

त्यांनी ताट पुढे ओढलं, भात कालवला. पण घास काही उचलवेना. तिची नजर चुकवत, रोज सहज विचारायचे तेच आज कापऱ्या आवाजात त्यांनी विचारलं,

"आयशीला मधली तुकडी ठेवलीस ना गो?"