तळव्याची परीक्षा

भिंतीला नवा रंग हवा की नाही, हे रंगारी तळव्याने ठरवतो. हात घासायचा, पांढरी भुकटी लागली की समजायचं, जुना रंग संपला.

ऑफिसांच्या त्या तपकिरी इमारतीवर त्याने हात घासला. तळवा पांढराफटक निघाला.

"झिजलाय," तो धाकट्या भावाला म्हणाला आणि हात पँटला पुसला. पांढरं जाईना. मग नळाखाली चोळला. पाणी स्वच्छच वाहत राहिलं. तळव्यावर आता एकही रेष नव्हती.

भिंतीवर मात्र, हात घासला होता तिथे, ताजा, गडद तपकिरी डाग उमटला होता. त्याच्या तळव्याच्या रेषांसकट, लहानपणी भाजल्याच्या व्रणासकट.

"हिला शेवटचा रंग कधी दिला हो, काका?" त्याने वॉचमनला विचारलं.

वॉचमनने नजर चुकवली. "रंग द्यायची वेळच येत नाही. रंगारी येतात, हात लावून बघतात."

रंगाऱ्याने मान वर केली. पार गच्चीपर्यंत भिंतीचा रंग एकसारखा नव्हताच. तळव्यागणिक बदलत गेला होता.

"दादा," मागून धाकटा म्हणाला, "मी पण बघितलं रे घासून. दोन्ही हातांनी."