चौकीच्या छपरावर

डल्सी थरगुडने सकाळपासून तिसऱ्यांदा पडदा ओढला आणि तिसऱ्यांदा उघडला. बाहेर गव्हाच्या शेतात, समुद्राच्या बांधाला लागून, दुसऱ्या महायुद्धातली ती काँक्रीटची चौकी उभी होती. जर्मन येतील म्हणून बांधलेली. जर्मन काही आले नाहीत. आज मात्र काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतली एक तरुणी मोजपट्टी घेऊन तिच्याभोवती फिरत होती, आणि डल्सीचा मुलगा क्लाइव्ह पट्टीचं दुसरं टोक धरून तिच्यामागे.

आठवडाभर डल्सीचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, पण एका जागी बसवत नव्हतं. "पाडून टाक ती एकदाची," हे तिने चाळीस वर्षं क्लाइव्हला सांगितलं होतं. क्लाइव्ह आईचं सगळं ऐकायचा, हे सोडून. दरवर्षी त्याचा नांगर चौकीला वळसा घालून जायचा.

दोघं चिखलाचे बूट दाराशी काढून स्वयंपाकघरात आले.

"चौकी जतन होणार, आई," क्लाइव्ह म्हणाला. "पाटीसुद्धा लागणार. पुराची हकिकत लिहून."

"कोण वाचणार? मेंढ्या?"

बेथन नावाची ती तरुणी हसली. "हकिकतच तशी आहे. एकोणीसशे त्रेपन्न साली समुद्राचा बांध फुटला, आणि तुम्ही दोन वर्षांच्या पोराला घेऊन रात्रभर त्या छपरावर!"

"त्या छपरामुळे मी आज जिवंत आहे," क्लाइव्ह म्हणाला, "आणि हिला तेच पाडायचंय."

डल्सी उठली, बसली, पुन्हा उठली. पुसलेला ओटा तिने पुन्हा पुसायला घेतला.

"नोंदीपुरतं सांगा," बेथनने पेन उघडलं. "छपरावर तुम्ही दोघंच होतात ना?"

"दोघंच," क्लाइव्ह म्हणाला.

"तिघं," डल्सी म्हणाली.

क्लाइव्ह आईकडे बघत राहिला. "तिसरं कोण?"

"शेजारच्या क्रॅब कुटुंबातली पॉलीन. सहा वर्षांची. तिच्या बापानेच आम्हाला वर चढवलं आणि तो बायकोला आणायला घराकडे वळला. ती दोघं गेली. गावाला वाटलं, पोरही त्यांच्याबरोबर घरातच बुडाली. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

बेथनने पेन खाली ठेवलं.

"पाणी छपरावर आलं. लाटा आम्हाला खेचत होत्या. एका हाताने तुला धरलं होतं, एका हाताने तिला. उजाडायला थोडाच वेळ होता."

क्लाइव्ह उठून तिच्याजवळ आला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "थंडीने बोटं बधिर होतात, आई. तिचा हात सुटला, त्यात तुझा काय दोष?"

"सुटला नाही," डल्सी म्हणाली. "तुला धरायला मला दोन्ही हात लागत होते. मी सोडला."