संध्याकाळची बस

“परवा मुलाला औषध का दिलं नाहीस?” तालुक्याहून आलेल्या बालकल्याणच्या मॅडमनी दामिनीला विचारलं.

“बस उनी नही.”

दारातून सासू कौसाबाई म्हणाली, “देखा मॅडम. पोऱ्याले झटका उना, अन् हाई बसनी वाट देखी ऱ्हायनी.”

समाजसेविका चेतना खाटेवरून उठली.

“दामिनी बरोबर सांगतेय, मॅडम. तिला घड्याळ कळत नाही. म्हणून मीच शिकवलं होतं. संध्याकाळची बस वडाखाली वळताना हॉर्न देते. तो ऐकला की हात धुवायचे, सिरिंज लाल रेघेपर्यंत भरायची, मिथुनला पाजायची. आजवर एकदाही चुकली नाही. परवा फाट्यावर रस्ता खोदला होता, बस आलीच नाही. बस आली नाही तर काय करायचं, हे शिकवायचं मी विसरले.”

लाल रेघ चेतनाच्याच नेलपॉलिशची होती.

“म्हणजे हिला प्रत्येक गोष्ट कोणीतरी सांगावी लागते,” मॅडम म्हणाल्या. “ मी तरी दुसरं काय म्हणतेय? आणि नवराही तसाच.”

नवरा, छगन, मिथुनची पिशवी छातीशी धरून उभा होता. ती बसपर्यंत नीट न्यायची, असं आईनं त्याला बजावलं होतं. मिथुन आजपासून शहाद्याला, काकांच्या घरी राहणार होता. आजी त्याच्यासोबत जाणार होती.

“मला एक महिना द्या,” चेतना म्हणाली. “मी तिला दुसरी खूण शिकवते.”

“मूल प्रयोगासाठी नसतं, चेतना.”

वडाकडून हॉर्न ऐकू आला. दामिनी ताबडतोब उठली आणि आत गेली.

कौसाबाईनं खाटेवरच्या मिथुनला कडेवर घेतलं. “चाल रे छगन, बस निंघी जाई.” दोघं झपाझप निघाले. मॅडम जीपकडे वळल्या. त्यांना अजून काही सांगता येईल म्हणून चेतना त्यांच्यामागे गेली. जीप निघाली. बसही निघाली.

छगन रिकाम्या हातांनी परत आला. “पिशवी सीटखाल ठेवी दिनी,” तो चेतनाला म्हणाला. काम जमल्यानं तो खूश होता.

दामिनी बाहेर आली. हात ओले होते. एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्यात सिरिंज. औषध लाल रेघेला टेकलं होतं, थेंबभरही वर नाही, खाली नाही.

तिनं खाटेकडे पाहिलं. मग अंगणभर पाहिलं.

“ताई,” ती म्हणाली, “आज तं बस उनी.”