फेट्याचं दुसरं टोक

ज्या डोक्यात धोंडा घालायची भाषा उभी हयात केली, त्याच डोक्याला कुंडलिक फेटा बांधत होता.

बारामतीच्या मंगल कार्यालयात मानसिंगआबांच्या पोराचा साखरपुडा होता. "उद्या फेटे घेऊन ये," एवढाच आबांचा फोन. लासुर्ण्याचा कुंडलिक म्हणजे आबांच्या हुकमाचा माणूस. मुलगी कुणाची, हे विचारायची त्याला सवयच नव्हती. आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसले कोण, तर झुंबरतात्या! आबांचे पिढीजात वैरी. इंदापूर तालुक्यात अशी एक निवडणूक झाली नाही, की जिच्यात या दोघांनी एकमेकांची आयमाय काढली नाही. आता तिसराच कुणी दोघांनाही भारी पडायला लागला, तशी मुलगी तात्यांची आणि मुलगा आबांचा. झालं! जुळली पत्रिका.

"तात्या, आमच्या कुंडलिकानं बांधलेला फेटा वरात परत येईस्तवर हालत न्हाय बघा," आबा म्हणाले आणि त्यांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. तात्या खो-खो हसले.

कुंडलिकाचा हात थांबला.

"काय रं, बरं वाटंना व्हय?" आबांनी विचारलं.

"आबा, मग माझ्या छकुलीचं काय?"

"कोण छकुली?"

घ्या! कोण छकुली म्हणे. कुंडलिकाला वाटलं, आबा चेष्टा करतायत. पण आबा खरोखरच डोक्याला ताण देत होते.

"माझी पोरगी, आबा. तात्यांच्या पार्टीतला सावळाराम, त्याच्या पोराची, अविराजची, मागणी आली व्हती तिला. जात एक, गाव एक, पोरगा लोणी देवकरला कंपनीत. मी व्हय म्हणणारच व्हतो. तुमी म्हणला, वैऱ्याच्या घरात पोरगी दिलीस तर माझी पायरी चढू नगंस. तिनं आपल्या मनानं लगीन केलं, आन मी तिचं तेरावं घातलं. जित्या पोरीच्या फोटूला हार घातला. तुमी पंगतीला व्हता की. उभं राहून बोलला, कार्यकर्ता असावा तर असा."

"हां हां, ती व्हय!" आठवल्याचा आबांना आनंदच झाला. "अरं खुळ्या, तवाची गोष्ट तवा. राजकारणातलं असं काळजाला लावून घ्यायचं असतंय व्हय? जा, घेऊन ये पोरीला. माझी काय हरकत न्हाय."

हरकत नाही! रंगूबाई, कुंडलिकाची बायको, चार वर्षं पोरीचं नाव तोंडात पदर कोंबून घेत होती. सणावाराला चुलीपुढं बसून एकटीच रडत होती. आणि आबांची हरकत अशी चहा पिता पिता निघून गेली. तात्यांच्या खांद्यावर हात टाकून ते स्टेजकडे चालायलाही लागले. तात्यांच्या फेट्याचा तुरा खोचायचा राहिला तो राहिलाच.

"हिला बांधता का एक? मघाधरनं हट्ट धरून बसलीया."

समोर सावळाराम उभा होता. परकर-पोलक्यातली एक चिमुरडी त्याच्या बोटाला लोंबकळत होती.

"कुणाची?" कुंडलिकानं विचारलं. विचारायची काही गरज नव्हती. रंगूबाईचंच अपरं नाक होतं ते.

"अविराजची," सावळाराम म्हणाला.

कुंडलिकानं फेट्याचं कापड काढलं. त्याला घड्या घालायच्या तर दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. एकट्याचं ते काम नव्हे. सावळारामनं न सांगताच टोक धरलं. चार वर्षं एकमेकांना बघून रस्ता बदलणारी दोन माणसं कापड ताणून समोरासमोर उभी राहिली.

"छकुली..." कुंडलिकानं विचारलं.

"आलीया. बायकांत हाय, आत."

"तिला म्हणावं, घरी ये. आबा म्हणलेत, त्यांची काय हरकत न्हाय."

सावळारामनं घडी घालता घालता वर बघितलं.

"आबांचं समजलं. तुमचं काय म्हणणं हाय?"

खरंच की! कुंडलिकाचं काय म्हणणं होतं? आजवर कुणी त्याला हे विचारलंच नव्हतं. त्यानंही स्वतःला विचारलं नव्हतं. त्यानं खाली बसून पोरीच्या डोक्याला कापड गुंडाळायला सुरुवात केली. इवलंसं डोकं. तालुक्यात ज्याच्या फेट्यावर पैज लागायची, त्या कुंडलिकाला एक वेढा नीट बसवता येईना. कसाबसा त्यानं तुरा खोचला आणि मान वर केली.

मागं छकुली उभी होती. हातात ओवाळणीचं ताट. किती वेळ उभी होती कोण जाणे. पण आबांची हरकत नाही, हे तिनं ऐकलं होतं. तिच्या तोंडावरनंच ते समजत होतं.

कुंडलिक उठला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. आई वाट बघते म्हणायचं होतं.

पोर धावत आईला जाऊन बिलगली. "आई, हे कोन गं?"

छकुलीनं बापाकडे बघितलं. डोळे न चुकवता, चांगलं बघितलं. मग खाली वाकून लेकीच्या डोळ्यांवर आलेला फेटा तिनं हलकेच वर सारला.

"फेटेवाले हायेत, बाळा," ती म्हणाली. "थँक्यू म्हण त्यांना."

"थँक्यू," पोर म्हणाली.