दुसऱ्या टेबलावर

हॅलिफॅक्समध्ये मेरेडिथच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. पाहुण्यांना कुठे बसवायचं हे तिने जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत ठरवलं: एका मोठ्या ॲरेत, म्हणजे यादीत, प्रत्येक टेबलाचा छोटा ॲरे आणि त्यात नावं. आईच्या नावापुढे तिने टेबल एक लिहिलं. पण जावाची मोजणी शून्यापासून, म्हणजे एक हा आकडा दुसऱ्या टेबलाचा; त्यामुळे आई पोचली थेट दुसऱ्या टेबलावर. तिथे मेरेडिथचे बाबा बसले होते, सोडचिठ्ठीनंतर केलेल्या बायकोसोबत, शेरिलसोबत.

मेरेडिथ घामाघूम होऊन धावत आली.

"आई, चुकलं गं माझं! पहिल्या टेबलावर तुझी खुर्ची रिकामी आहे. ऊठ ना, प्लीज."

आईने सावकाश लॉब्स्टरची नांगी फोडली.

"मी बरी आहे इथे. त्या खुर्चीवर शेरिलला बसव."