चौथ्या ठोक्याचा झोका

ढोल थांबला. चौथा ठोका पडून गेला होता आणि धुळा अजून उभाच होता.

सगळी रांग त्याच्याकडे बघायला लागली. संध्याकाळी सोलापुरात लोकनृत्याची स्पर्धा, दुपारी सभागृहामागच्या पटांगणात शेवटची तालीम, आणि धनगरांच्या गजी नाचाचा म्होरक्याच नेमका पडायला तयार नव्हता.

धुळाच्या गावच्या गजीची ख्याती त्या पडण्यावरच होती. चौथ्या ठोक्याला उजवा पाय आत मुडपायचा, अंग बाजूला कलंडायचं, हातातला रुमाल आभाळात जायचा आणि माणूस जमिनीला टेकता टेकता सावरायचा. या पावलीला झोका म्हणत. दुसऱ्या कुठल्या गावच्या गजीत तो नव्हता. बिरोबानं तो धुळाच्या पायात घातला, असं गाव मानायचं. धुळाही मानायचा, कारण झोका त्यानं कधी घेतला नव्हता. तो आपोआप यायचा. बाकीचे त्याचं बघून शिकले. गजीत नियम एकच: म्होरक्याच्या पायाकडं बघायचं आणि तसंच करायचं. का, ते विचारायचं नाही.

गावाला दुसरी ख्याती होती ती मुरगळलेल्या घोट्यांची. ग्रामपंचायतीनं नाचायच्या जागेवर मुरूम टाकला, रोलर फिरवला. मग त्या जागेला बोकड दाखवला. बोकड गावानं खाल्ला आणि घोटे मुरगळतच राहिले.

यंदा धुळाचा घोटा फारच सुजला, म्हणून पुतण्या मल्हारनं त्याला सोलापूरला नेलं होतं. डॉक्टर अपेक्षाबाईंनी पाय हातात धरून हलवला आणि भुवया वर केल्या. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला दोऱ्या असतात, त्या म्हणाल्या. पाय आत वळायला लागला की त्याच त्याला धरून ठेवतात. धुळाच्या दोऱ्या फार वर्षांपूर्वी तुटून सैल जुळल्या होत्या. पूर्वी कधी मुरगळला होता का? धुळानं सांगितलं, व्हय, तरणा असताना मेंढ्यामागं ओघळीत उडी मारली होती. बाईंनी ऑपरेशन करून दोऱ्या ताणून बांधल्या, प्लास्टर निघाल्यावर त्याला घडी घातलेल्या घोंगडीवर एका पायावर उभं राहायला शिकवलं, आणि निघताना सांगितलं की तुमच्या गावची जमीन एकदा बघायला पाहिजे, तिथून येणारा प्रत्येक घोटा बाहेरच्याच अंगाला फाटलेला असतो.

पाय असा झाला की खांब. फक्त झोका गेला.

ढोल्या रामहरी लहानपणापासूनचा जोडीदार. तो जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मुद्दाम पड की. कोन बगतंय?"

"आजवर आपणहून आला. आता येत न्हाय. खोटा आणणार न्हाय."

"मग रांगेच्या शेपटाला जा."

धुळा गेला. मान ताठ ठेवून गेला. त्याच्या जागी मल्हार आला.

म्होरक्याला आपली रांग कधी दिसत नाही. धुळानं आपली गजी आज जन्मात पहिल्यांदा मागून पाहिली. चौथा ठोका पडला आणि सगळे उजवे पाय एकदम आत मुडपले. जवळजवळ प्रत्येक पायाला क्रेपची पट्टी होती. सावरताना मल्हारनं ओठ दाताखाली धरला. पुन्हा चौथा ठोका, पुन्हा तोच ओठ.

धुळा बघत राहिला. देवच एवढ्या जणांच्या पायात शिरला असता, तर निदान एखाद्याचा तरी त्यानं डावा धरला असता.

संध्याकाळी निवेदकानं प्रेक्षकांना बजावून सांगितलं की चौथ्या ठोक्याकडं लक्ष ठेवा, ही परंपरा दुसरीकडं कुठं बघायला मिळणार नाही. पडदा सरकला. ढोल सुरू झाला. आणि धुळा शेपटाकडून निघाला, सगळी रांग ओलांडून भर उजेडात मल्हारच्या पुढं येऊन उभा राहिला. रामहरीनं डोळे वटारले. पण ढोल वाजवत असलेल्या माणसाला डोळे वटारण्यापलीकडं काही करता येत नाही.

चौथा ठोका पडला. धुळानं उजवा पाय रोवला. मल्हारचा पाय निम्मा मुडपला होता, तो त्यानं घाईनं सरळ केला. मागच्यांनी मल्हारचं बघितलं, त्यांच्या मागच्यांनी त्यांचं. फळ्यांवर धाडकन आवाज झाला. कुणीच पडलं नाही.

रामहरीला वाटलं, ठोकाच नीट बसला नाही. पुढच्या फेरीला त्यानं ढोल फुटेल असा हाणला. धुळानं फळ्या फुटतील असा पाय रोवला. असं ते शेवटपर्यंत चाललं. निवेदक हातातला कागद उलटसुलट करून बघत होता.

नंबर आला नाही. गाडीत बसताना रामहरी सगळ्यांदेखत म्हणाला की बिरोबाची पावली ह्या माणसानं एका रातीत घालवली.

मल्हार शेजारी बसून घोट्याची पट्टी सोडत होता. आज घोटा दुखला नव्हता, आणि त्याचंच त्याला नवल वाटत होतं. त्यानं विचारलं, "आबा, ही नवी पावली कुटनं काडली?"

"नवी न्हाय," धुळा म्हणाला. "माजा पाय ओघळीत मोडायच्या आदीची हाय."