निळा चापान

“या वर्षीचा चापान तुझा, बुरूल,” संचालक तालाय म्हणाले आणि बुरूलने चहाचा पेला खाली ठेवला.

शेजारी कारखान्याच्या डॉक्टरबाई मायरम बसल्या होत्या. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“इसिक-कुल सरोवराकाठच्या आरोग्यधामात महिनाभर विश्रांती घे. खर्च आमचा,” तालाय म्हणाले.

बुरूलला नाही म्हणायचं होतं, पण खोकल्याची ढास लागली. सिमेंटचे पत्रे करणाऱ्या कारखान्यात खोकल्याचं कुणाला नवल नसतं.

तिथे दर वसंतात एका कामगाराचा सन्मान व्हायचा. एक्स-रेची गाडी येऊन गेली की चार दिवसांत मेजवानी. खांद्यावर चापान, म्हणजे जरीचा पायघोळ निळा झगा, आणि पुढ्यात मेंढ्याचं डोकं. मान मोठाच. पण गेल्या वर्षी चापान घातलेली सोनून पहिला बर्फ पडायच्या आत गेली. तिला काय झालंय ते ती सोडून साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. आजाऱ्याला असलं कुणी सांगत नाही. आधीच्या वर्षीचा नुरबेकही तसाच गेला. त्याच्या आधीचाही.

“मेले कफनच शिवतात,” बायका यंत्रामागे कुजबुजायच्या.

बुरूल घरी आली तर कुबात कांदा चिरत बसलेला. लग्न झाल्यापासून या नवऱ्याने सुरीला हात लावला नव्हता.

“चापान मला देतायत,” ती म्हणाली.

“घे की मग. एवढी राबलीस.”

“सोनूनचं काय झालं, विसरलास?”

“खुळ्यासारखं बोलू नकोस. घे, आणि सरोवरावर जाऊ. मीही येतो. आणि ऐक, आयजानचं लग्न शरदापर्यंत कशाला लांबवायचं? पुढच्या महिन्यातच उरकू.”

“मी मरायच्या आत, असंच ना? मला पोरीचं लग्न बघायचंय, कुबात! नातवंडं बघायचीयत. तुला मी एवढी जड झाले?”

त्याने बाहीने डोळे पुसले. “कांदा फार झोंबतो बघ,” म्हणाला. बुरूलला त्याची किळस आली.

मेजवानीला सगळा कारखाना जमला. म्हातारे एसेन-आके, सगळ्यांचे थोरले दादा, नेहमीसारखे पहिल्या रांगेत कुरकुरत होते. “माझी पाळी आली की यांचं कापड संपतं!” कारखान्यातला सर्वांत जुना कामगार. एकटा जीव, मागेपुढे कुणी नाही. बुरूलने रात्रभर तोच हिशेब केला होता.

तालायांनी चापान उलगडला. बुरूल पुढे झाली, खांदे न वाकवता तो त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि सरळ एसेन-आकेंच्या अंगावर घातला.

“थोरांच्या देखत मी कशी घालू? मान आकेंचा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. थोराच्या खांद्यावर चढलेला चापान उतरवायची कुणाची छाती नसते. तालाय आणि डॉक्टरबाई एकमेकांकडे बघत राहिले. दोघांचे चेहरे पांढरे पडले होते.

“पोरी, सुखी राहा, शंभर वर्षं जग,” म्हाताऱ्याने रडत तिचं कपाळ चुंबलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आतून सुटकेचा उमाळा थांबेना. आयजानचं लग्न आता ती बघणार होती. लागू दे पाप लागलं तर.

ती पोटभर जेवली, हसली, दोन गाणीसुद्धा म्हणाली. मग किटलीत चहा भरून आणायला मुदपाकखान्याकडे गेली. पडद्याआड तालाय बोलत होते.

“आता तिला आरोग्यधामात पाठवायचं कुठल्या निमित्ताने?”

“नवरा बघेल काहीतरी. त्याला मी सगळं सांगून ठेवलंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“आणि आके? लोक आता त्यांच्या मरणाची वाट बघतील.”

“बघू देत. त्यांची छाती घोड्यासारखी आहे. यंदाच्या एक्स-रेत डाग निघाला तो एकट्या बुरूलच्या छातीत.”